आमच्या वस्तीवरची छत्री

आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची व तिच्यात प्रत्येकीने चार ओळी तरी लिहाव्यात, असा अध्यक्षीणबाईंनी आग्रह धरला. कोणी लोणच्याची कृती दिली, कोणी जात्यावरच्या ओव्या जमविल्या. मी सातवी शिकलेली बाई, मजजवळ लिहिण्यासारखे काय असणार? तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तू ती छत्री बसविलीस ना, तिचेच लिही की!" म्हणून हे लिहिते आहे. भाषा कच्ची असेल, ती भगिनींनी सांभाळून घ्यावी.

छत्री म्हणजे पावसाळ्यातली नव्हे. स्लॅबवर, पत्र्यावर, गोठ्याच्या कडेला जी पराती‌सारखी पांढरी टी.व्ही.ची असते, ती. बारामतीहून इंदापूरला एस.टी.ने जाताना खिडकीतून पाहावे. दोन्ही बाजूंना ऊस, उसाच्या मध्ये वस्त्या, आणि एकही वस्ती छत्रीवाचून नाही. साऱ्यांची तोंडे साधारण एकाच अंगाला, पाऊस आला म्हणजे मेंढरे पाठ फिरवून उभी राहतात तशी. लग्नाला वीस वर्षे होईतो या छत्र्या मी रोज पाहत होते, पण त्या कोणाकडे तोंड करून बसल्या आहेत हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. तो २०२० साली आला, आणि गरजेपोटी आला.

ती हकीकत पुढे सांगते. आधी या छत्रीचे कूळ सांगितले पाहिजे. माझ्या भाच्याने व पुस्तकांनी मला ते हळूहळू समजावले, आणि ते आपल्या पुणे जिल्ह्यातूनच निघते याचे मला फार कौतुक वाटले.

अष्टविनायकाला आपण ओझरला व लेण्याद्रीला जातो, तेव्हा वाटेत नारायणगाव लागते. त्याच्या जवळच आर्वी म्हणून गाव आहे. तेथे १९७१ साली परदेशाशी बोलण्याकरिता उपग्रहाचे भूकेंद्र सुरू झाले. डॉ. विक्रम साराभाई यांचे त्याच वर्षी डिसेंबरच्या ३० तारखेस निधन झाले व त्या केंद्राला त्यांचे नाव मिळाले. तेथली छत्री किती मोठी? सुमारे ९७ फूट व्यासाची! आपले मंडळाचे सभागृह तिच्यात सहज मावेल. ती टी.व्ही. पाहण्यासाठी नव्हती, परदेशच्या टेलिफोन-तारांसाठी होती. हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे तिचे तोंड होते.

उपग्रह म्हटला की तो फिरता असणार, मग छत्री एका जागी स्थिर कशी? मलाही हेच कोडे पडले होते. त्याचे उत्तर असे की, विषुववृत्ताच्या बरोबर वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर पृथ्वी जितक्या वेळात स्वतःभोवती एक फेरी घेते तितक्याच वेळात तोही एक फेरी घेतो. म्हणून आपल्याला तो आकाशात एका जागी खिळ्याने ठोकल्यासारखा. फुगडी खेळताना सारे अंगण गरगरते, पण समोरची मैत्रीण मात्र समोरच राहते, तसेच हे. आर्थर क्लार्क नावाच्या इंग्रज लेखकाने १९४५ सालीच ही युक्ती लिहून ठेवली होती.

यानंतरची गोष्ट माझ्या थोरल्या मावशीची आहे. तिला विजापूर जिल्ह्यात दिलेली होती. १९७५ सालच्या दिवाळीस ती इंदापूर तालुक्यात माहेरी आली व सांगू लागली की, आमच्या गावच्या शाळेत पेटी बसविली आहे, शाळेवर कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसल्या जाळीची मोठी छत्री आहे, आणि आभाळातून चित्रे उतरतात. माझा जन्म तेव्हा झाला नव्हता, पण आई सांगत असे की कोणाचाही विश्वास बसला नाही. आजोबा म्हणाले, "सासरचं कौतुक जरा बेतानं सांग, पोरी."

मावशीचे खरे होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष आपल्या देशाने अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेतला होता. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दहा फुटी जाळीच्या छत्र्या बसविल्या. या प्रयोगाला 'साइट' म्हणत. त्याचे कार्यक्रम व्यवस्थापक श्री. एकनाथ वसंत चिटणीस हे कोल्हापूरात जन्मलेले व पुण्यात शिकलेले आपले मराठी शास्त्रज्ञ. कर्नाटकात विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हे त्यात होते. आपला महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, म्हणजे सोलापूरपलीकडे चित्रे उतरत होती आणि अलीकडे आम्ही कोरडे! तो उपग्रह आफ्रिकेवर उभा होता, त्यामुळे मावशीच्या गावची छत्री पश्चिमेच्या अंगाला पाहत असे. आपल्या आजच्या छत्र्यांच्या हे उलट आहे.

यातली एक गोष्ट मला विशेष वाटते. त्या पेटीवर सकाळचा दीड तास शाळेच्या मुलांसाठी राखलेला असे व संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी शेती, आरोग्य वगैरे. खेड्यातल्या पोराला शाळेचा धडा मिळावा, हे या देशात आभाळातल्या टी.व्ही.चे अगदी पहिले काम होते. मालिका, जाहिराती, सासू-सुनांची भांडणे ही सारी मागाहून आली. वर्ष संपले तसा उपग्रह परत गेला व मावशीच्या गावची पेटी मुकी झाली.

आमच्याकडे तोपर्यंत टी.व्ही. म्हणजे सिंहगड. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले व पुढच्या वर्षी सिंहगडावरून त्याचे कार्यक्रम पुणे भागात दिसू लागले. इंदापूर भागात ते कष्टानेच पोहोचत. उंच पाईप रोवायचा, वर माशाच्या काट्यासारखा अँटेना लावायचा आणि त्याचे तोंड पश्चिमेस सिंहगडाकडे करायचे. १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' लागले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. रविवारी सकाळी सारी आळी एका घरात. वर चढलेला पुरुष पाईप पिळायचा, खिडकीत उभी बाई ओरडायची, "आलं! आलं! गेलं!" वर कधी बाई चढलेली मी पाहिली नाही. बाईचे काम ओरडायचे. असो.

अँटेना व छत्री यांत फरक आहे, तो येथेच सांगून टाकते. अँटेना जमिनीवरच्या मनोऱ्याकडे पाहतो, छत्री आभाळाकडे. १९८३ साली आपला स्वतःचा इन्सॅट-१बी वर गेला, त्यावरून गावोगावच्या लहान मनोऱ्यांना कार्यक्रम मिळू लागले, पण ती छत्री सरकारी केंद्रावर असे, आपल्या घरावर नव्हे. १९९१ नंतर परदेशी वाहिन्या आल्या व केबलवाल्यांनी शहरात मोठमोठ्या जाळीच्या छत्र्या उभारून गल्लोगल्ली वायरी ओढल्या. बारामती शहरातल्या भगिनींना तो काळ आठवत असेल. आम्हा वस्तीवरच्यांना त्याचा उपयोग शून्य. चार घरांसाठी तीन-साडेतीन किलोमीटर वायर उसातून कोण ओढणार? नांगराने ती आठ दिवसांत तुटली असती.

घरोघर लहान छत्री लावण्यास सरकारने १९९७ साली बंदी घातली होती, ती नोव्हेंबर २००० मध्ये उठविली. २००३ साली पहिली खाजगी सेवा सुरू झाली व डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची, जिला महिन्याचे पैसे पडत नाहीत अशी. या लहान छत्रीने वस्तीचे जे भले केले ते कोणत्याही पुढाऱ्याच्या भाषणाने केले नाही असे मी म्हणेन. रस्ता नको, खांब नको, वायर ओढणे नको. ९७ फुटांची छत्री दोन फुटांवर आली व आमच्या पत्र्यावर येऊन बसली.

आमच्या घरी ती २००९ साली आली. दुकानाचा माणूस आला, गोठ्याच्या लोखंडी अँगलला दोन स्क्रू पिळले, वायर खिडकीतून आत टाकली, पैसे घेतले व वीस मिनिटांत मोटारसायकलवर बसून गेला. आम्ही चहा केला होता तो तसाच राहिला. पहिल्याच पावसाळ्यात वायरीच्या जोडात पाणी गेले. दर पावसाळ्यात तो माणूस येई, दोनशे-तीनशे घेई, काहीतरी हलवी, जाई. काय हलविले ते कधी सांगत नसे. आम्हीही विचारीत नसू, हा आमचाच दोष. पुढे महिन्याचे पैसे परवडेनात म्हणून यजमानांनी दूरदर्शनच्या फुकट सेवेचा डबा आणला, तेव्हा छत्री पुन्हा त्यानेच फिरविली.

मग २०२० साल आले. मार्चअखेर 'रामायण' पुन्हा लागले, सासूबाई खाटेवर पडून दोन्ही वेळा पाहत. त्यांना तेवढाच विरंगुळा होता. जूनच्या आरंभी वळवाचा पाऊस वाऱ्यासह आला व छत्री मान मोडल्यासारखी खाली वाकली. पडदा निळा. टी.व्ही.वाचून माणूस मरत नाही म्हणून आम्ही गप्प बसलो. पण जुलैमध्ये शाळेच्या मास्तरांचा निरोप आला की शाळा उघडणार नाही, मात्र २० तारखेपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' नावाचा पहिली ते आठवीच्या मुलांचा कार्यक्रम सुरू होणार आहे, तो मुलांना दाखवा. घरात धाकट्या जावेची दोन मुले, एक दुसरीत, एक पाचवीत. मोठा मोबाईल एकच, तो यजमानांच्या खिशात, आणि ते दूध घालायला गेले की दुपारपर्यंत परत नाहीत. पाचवीतला पोरगा मार्चपासून पाढे विसरत चालला होता, सतरानंतर अडखळे. मी सातवीवर सुटले ती शाळा लांब म्हणून. हा घरात बसून सुटेल की काय, या धास्तीने मला झोप लागेना.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याच्या गावात रुग्ण निघाले होते, वाट बंद. इंदापूरला माझा भाचा आहे, त्याने आय.टी.आय.मध्ये विजेचे काम शिकले आहे. त्याला विचारले. तो म्हणाला, "आत्या, मला येता येत नाही, पण तू कर. मी फोनवर सांगतो." मी म्हटले, "अरे, मी कधी शिडीवर चढले नाही." तो म्हणाला, "माळ्यावरचे डबे काढतेस की नाही?"

सासूबाईंना ते रुचले नाही. "बाईमाणूस स्लॅबवर चढून पिळापिळी करणार, रस्त्याने जाणारे काय म्हणतील?" धाकटी जाऊ मात्र माझ्या बाजूने उभी राहिली. रविवारी सकाळी यजमानांचा फोन घरी ठेवून घेतला व आम्ही दोघी वर गेलो.

पहिली चूक भाच्याने फोनवर पाहताच ओळखली. छत्रीची दांडी अँगलवर तिरपी होती. ती सरळ उभी नसेल तर पुढची सारी मापे खोटी. यजमानांनी आदल्या दिवशी स्लॅबवर चार बोल्ट मारून बैठक घट्ट बसविली होती. गवंड्याचा ओळंबा व पाणसळ घेऊन मी दांडी दोन बाजूंनी तपासली. घर बांधताना भिंतीचा ओळंबा पाहतात, तसाच हिचा पाहावयाचा. यात अर्धा तास गेला, पण माझ्या मते अर्धे काम येथेच होते. जवळून विजेची तार जात नाही ना, हेही आधीच पाहून घेतले. दांडी उभारताना तारेला लागली तर माणूस दगावतो.

दिशेचे म्हणाल तर, फुकट सेवेचा उपग्रह जीसॅट-१५. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानातून वर सोडला व ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. बारामतीहून पाहिले तर तो उत्तरेपासून पूर्वेकडून मोजत सुमारे १३२ अंशांवर, म्हणजे सरळ आग्नेयेस. ऐकून मला हसूच आले. आग्नेय म्हणजे आपल्या चुलीची दिशा! उंची जमिनीपासून सुमारे ६० अंश. भाचा म्हणाला, "मार्चअखेर सकाळी अकराला सूर्य जेथे असतो ना आत्या, जवळजवळ तेथेच." तेव्हापासून मला ती जागा डोळे मिटूनही दाखविता येते. मार्चमध्ये व सप्टेंबरअखेरीस काही दिवस सूर्य खरोखरच उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटे चित्र जाते. त्या वेळी कोणीही छत्रीला हात लावू नये, ते आपोआप येते. शेजारच्या छत्रीकडे पाहूनही आपली बसवू नये. दुसऱ्या कंपनीचा उपग्रह दुसरीकडे असतो, कोणाचा जास्त दक्षिणेस, कोणाचा जास्त पूर्वेस.

आणखी एक फसगत आहे. ही छत्री पाहते त्याहून खाली पाहिल्यासारखी दिसते. तिची घडणच तिरकी असते, त्यामुळे पत्रा बराच उभा दिसला तरी तिची नजर वर असते. मी ते न समजता तिला उताणी केली व तासभर काही येईना. मागच्या पट्टीवर अंशांच्या रेघा असतात, त्यांवरच विश्वास ठेवावा. होकायंत्र मोबाईलमध्ये असते, पण लोखंडाजवळ ते बावचळते. चार पावले मागे सरकून पाहावे.

आता वायर. पुढच्या दांडीवर जे बोंड असते, त्याला एलएनबी म्हणतात. छत्री आभाळातून आलेले सारे गोळा करून त्याच्यावर ओतते. तेथून काळी वायर डब्यापर्यंत येते. तिच्या मध्ये तांब्याची एक तार, भोवती पांढरा फेस, त्यावर चांदीसारखा कागद व जाळी. जाळीचा एक केसही मधल्या तारेला चिकटता कामा नये. आमच्या जुन्या जोडात नेमका तो चिकटला होता, आणि तांबे हिरवे पडले होते. दहा वर्षे दोनशे-तीनशे कशाचे दिले, ते त्या हिरव्या टोकाकडे पाहून कळले! मी जोड कापूनच टाकला व नवी अखंड वायर लावली. लावताना डब्याचे बटण बंद, कारण डब्यातूनच थोडी वीज वायरीतून वर त्या बोंडाला जाते. भिंतीच्या भोकात शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक झोळ द्यावयाचा, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, घरात शिरत नाही. भोकही बाहेरच्या बाजूस उतरते असावे. आणि छत्रीच्या बैठकीपासून एक तार अर्थिंगला जोडली. तरीही वीज कडाडू लागली की आम्ही डब्याचा प्लग व वायर दोन्ही काढतो.

राहिले शेवटचे, ते सर्वांत नाजूक. उपग्रह इतक्या दूर की छत्री एक अंश चुकली तर तेथे सहाशे किलोमीटरहून अधिक फरक पडतो. म्हणून ती हलवावयाची ती गव्हाभर, आणि हलविली की मनात दहा मोजून थांबावयाचे, कारण डब्याला ओळखायला वेळ लागतो. मी अधीरपणे फिरवीत राहिले व दोनदा ती ओलांडून गेले. खाली पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. एक ताकदीची, ती छत्री कोठेही पाहत असली तरी थोडीफार असतेच. दुसरी दर्जाची, तीच खरी. जाऊ खिडकीत, मुले तिच्या पायांत, आणि तीच जुनी ओरड, "आलं! आलं! गेलं!" या वेळी वर मी होते.

दुपारी पावणेदोनला दर्जाची पट्टी उभी राहिली. बोल्ट एकदम एकच आवळायचा नाही, सगळे थोडे थोडे आळीपाळीने, नाहीतर छत्री सरकते. शेवटचा बोल्ट आवळून मी खाली आले तेव्हा सासूबाई खाटेवर उठून बसल्या होत्या. बोलल्या काही नाहीत. जावेला म्हणाल्या, "तिला आधी पाणी दे. पदर बघ कसा घामानं भिजलाय."

सोमवारी, २० जुलैला मुले वह्या घेऊन पडद्यासमोर बसली. पलीकडच्या वस्तीवरची तिघे, त्यांच्याकडे टी.व्ही. नव्हता, ती ओट्यावर खिडकीतून पाहत. सप्टेंबरपर्यंत तो कार्यक्रम चालला. जोराचा पाऊस आला की चित्र जाई. ते छत्रीच्या चुकीने नव्हे, या लहरी पावसाच्या थेंबांत अडकतात. अशा वेळी पोरगा राहिलेला भाग मला विचारी, आणि मला तो येत नसे. मग त्याच्या वहीतून मीच शिकू लागले. आता तो दहावीत आहे.

त्या पावसाळ्यात आजूबाजूच्या वस्त्यांवर मी सहा छत्र्या बसवून दिल्या. एकीचे झाड आड येत होते, कितीही फिरविली तरी आग्नेयेला चिंच. तेव्हा छत्रीच गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला नेली, चिंच तोडू दिली नाही. पैसे कोणाकडून घेतले नाहीत. एका घरी चोळीचे कापड दिले, ते मोडता आले नाही.

ओळंबा, पाणसळ व दोन पाने माझ्या शिवणाच्या पेटीत असतात. मंडळातील कोणा भगिनीस लागल्यास खुशाल घेऊन जावे. मात्र बारा नंबरचा पाना गेल्या वर्षीपासून परत आलेला नाही, ज्या कोणाकडे असेल तिने हे वाचून आणून द्यावा.